याडीच्या फोनातला ढावलो

१९ जानेवारी २०२५, यवतमाळ

घनश्याम म्हणाले, "एखाद्या डायरीत लिहून काढत जा हे सगळं. माहं डोकं नको खाऊ." म्हणून ही डायरी. खताच्या दुकानाने दिलेली, पानापानावर युरियाची जाहिरात. नवऱ्याचं डोकं वाचवण्यासाठी मी लिहायला बसले आहे हे पुढे कुणाला कळलं तर कळो.

रंजिताचा फोन आला होता. रंजिता माझ्या भावाची, बादलची, मुलगी. नर्सिंग झालं, महागावजवळच्या आमच्या तांड्यावरच राहते, आणि अक्षय्य तृतीयेला तिचं लग्न. मला वाटलं साडीचं काही विचारेल. तर म्हणाली, "आत्या, मले आजीचा ढावलो म्हनाचा हाय."

मी फोन हातात धरून नुसती उभी राहिले. कढईतलं वांगं करपलं.

ढावलो म्हणजे रडणं आणि गाणं यांच्या मधलं काहीतरी. आम्हा गोरमाटी, म्हणजे बंजारा लोकांत नवरी निघताना एकेका माणसाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. आईचा वेगळा, बापाचा वेगळा, भावाचा, मैत्रिणीचा, दारच्या गाईचासुद्धा. हुंदक्यात शब्द विसरतात, म्हणून एक जाणती बाई नवरीच्या मागे उभी राहून कानात ओळ सांगते आणि नवरी ती आळवते. आमच्या भागात ती जाणती बाई म्हणजे माझी याडी, माझी आई, हंसाबाई. शेजारच्या तांड्यांतून बैलगाडी यायची तिला न्यायला. मी लहान असताना दुपारी आमच्या निंबाखाली नवऱ्या मुली बसलेल्या असायच्या, आणि याडी कापूस निवडता निवडता त्यांना रडायला शिकवायची. "नाकानं नको रडू व, पोटातून रड." त्या मुली हसून हसून लोळायच्या. लग्नाच्या दिवशी मात्र त्याच मुली तांडाभर रडू आणायच्या.

पुरुष ढावलो म्हणत नाहीत. त्यांचं गाणं लेंगी, होळीला, डफावर. पुरुषाने ढावलो म्हटला तर तांडा त्याला जन्मभर चिडवेल.

मला ढावलो येत नाही. मी शिक्षणाला यवतमाळला, मग घनश्यामशी नोंदणी पद्धतीने लग्न. हे कुणब्याचे, मी तांड्याची. रजिस्ट्रारच्या टेबलापाशी कुणाच्या गळ्यात पडून रडणार?

याडी मागच्याच्या मागच्या दिवाळीत गेली. जायच्या आधी फोनवर मला सांगितलं होतं, "रंजीसाठी ढावलो भरून ठेवला." भरून म्हणजे रेकॉर्ड करून. मीच तिला माझा जुना फोन दिला होता आणि त्यात 'सूरपेटी' नावाचं गाणी रेकॉर्ड करायचं ॲप टाकून दिलं होतं. म्हणजे ढावलो आहे. फक्त जाऊन आणायचा.

२६ जानेवारी, तांडा

एवढं सोपं असतं तर काय हवं होतं.

फोन बापूकडे आहे. माझे वडील, पूनमसिंग. तांड्याच्या नसाबात, म्हणजे पंचांच्या बैठकीत, अजूनही त्यांचा शब्द शेवटचा. फोन त्यांच्या उशापाशी, चार्जरला लावलेला. रंजिता म्हणते, बापू तो रोज चार्ज करतात, करत मात्र काहीच नाहीत. त्यामुळे बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलंय.

ॲप उघडलं. मोबाईल नंबर मागतं, नंबर टाकला की ओटीपी पाठवतो म्हणतं, आणि ओटीपी येत नाही. येणारच नाही, ती कंपनी बंद पडून वर्ष झालं. मी पाठवलेला मेल परत आला. मेमरी कार्ड पाहिलं, रिकामं. लॅपटॉपला जोडून सगळे फोल्डर चाळले, त्यात बादलच्या ट्रॅक्टरचे फोटो. रेकॉर्डिंग ॲपच्या स्वतःच्या खोलीत आहे, आणि त्या खोलीत बाहेरच्या कुणाला शिरू द्यायचं नाही असा अँड्रॉइडचा नियम.

बापू बाजेवर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "बंद पडलं तं राहू दे ना. कायले मांगं लागली?"

"रंजीला ढावलो हवाय, बापू."

"दुसऱ्या तांड्यातून बाई आनू."

मग दुसरीकडे बघत, "त्यातलं निघालं तं समद्यायले ऐकाले येईन काय?"

"निघालं तर स्पीकरवर लावू की!" मी उत्साहात.

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि उशीखाली ठेवला. याचा अर्थ मला असा लागतो की मेलेल्या माणसाचा आवाज ऐकू नये असं काहीतरी त्यांच्या मनात बसलंय. एवढा नसाब चालवणारा माणूस, म्हातारपणी असा भित्रा व्हावा? वाईट वाटलं.

२ फेब्रुवारी

बसस्टँडजवळच्या ऋतिकच्या दुकानात विचारलं. माझ्याच संगणक वर्गाचा जुना विद्यार्थी, आता दोन पोरांचा बाप. म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो मॅडम, नवाकोरा होऊन जाईन."

मी म्हटलं, तूच नवाकोरा हो. मग समजावलं. त्याने डोकं खाजवलं. "मंग रूट करा लागते. पन त्यात फोन मरू बी शकते. म्या नाई करत बाप्पा, तुमच्या आईचा हाय."

या एका वाक्यासाठी त्याला मी मनातल्या मनात पुन्हा पास केलं.

९ फेब्रुवारी

आठवडाभर वाचतेय. डोळे लाल. जे समजलं ते लिहून ठेवते, म्हणजे मलाच भीती नीट दिसेल.

फोन आपला असला तरी आपण त्यात भाडेकरू. रूट म्हणजे घरमालकाची किल्ली. मग कुठल्याही खोलीत शिरता येतं. रीतसर रस्ता आहे, बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, त्याचं कुलूप उघडायचं. पण तो उघडताना फोन आतलं सगळं स्वतःच पुसून टाकतो, चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. शहाणपणाचीच गोष्ट आहे, फक्त माझ्या मुळावर आलीय.

दुसरा रस्ता आडवाटेचा. त्या काळच्या अँड्रॉइडच्या गाभ्यात एक चूक राहून गेली होती. एकाच कामाला दोन बाजूंनी एकदम हात घातला की तो गोंधळतो, आणि क्षणभर कुणालाही मालक समजून बसतो. नव्या फोनांत ती चूक कधीच बुजवली. याडीच्या फोनला शेवटचं अपडेट येऊन कितीतरी वर्षं झाली, त्यामुळे त्यात ते भोक अजून असणार. वर्गात मी घसा फोडून सांगते, अपडेट टाकत जा, सुरक्षेच्या बाबतीत आळस करू नका. आणि इथे मी देवाजवळ प्रार्थना करतेय की याडीने एकही अपडेट टाकलेलं नसो.

धोके. तो प्रोग्राम कुठल्या तरी फोरमवर कुणा अनोळखी माणसाने ठेवलेला. त्यात काय दडवलंय देव जाणे. म्हणजे बँकेचं काही असलेला लॅपटॉप वापरायचा नाही. फोन मध्येच गोठू शकतो. बंद-चालू, बंद-चालू करत अडकू शकतो. लिहिता लिहिता मेमरी बिघडली तर जे आज आत शाबूत आहे तेही गेलं. आज ढावलो ऐकू येत नाही, पण आहे. उद्या कदाचित नसेलच.

घनश्यामना विचारलं. ते तुरीच्या शेंगा सोलत होते. म्हणाले, "भिंतीले भोक पाडून घरात शिराचं म्हनतं. बरं, शिर. पन भिंत कोसळली तं?"

"मग काय करू?"

"मले काय विचारतं? तुह्या मायचा आवाज हाय." आणि पुढची शेंग घेत, "म्याही एकडाव ऐकला होता. आपल्या लग्नानंतर तुह्या तांड्यावर गेलतो, तवा कोनाच्या तरी पोरीची पाठवणी होती. मले शब्द कळले नाई, पन रडू आलं होतं."

हे त्यांनी मला आज सांगितलं. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर!

२३ फेब्रुवारी

ऋतिकने भंगारातून अगदी तोच फोन शोधून दिला, तसंच जुनं अँड्रॉइड असलेला. सरावाला. वर्गातला सगळ्यात जुना लॅपटॉप इंटरनेट काढून घरी आणलाय.

पहिल्या झटक्यात सरावाचा फोन अडकला. कंपनीचं नाव येतं, जातं, येतं, जातं. दोन तास. मी त्याच्याकडे बघत भाजी निवडली. याडीचा फोन असता तर माझं काय झालं असतं, या विचाराने मेथीची मुळंच भांड्यात टाकली.

१ मार्च

जमलं! सरावाच्या फोनवर तीनदा जमलं. बाकी सगळी ॲप बंद, विमान मोड, फोन गार. आणि घाई नाही. घाई न करणं मला सगळ्यात जड जातं.

आता खरा फोन बापूंच्या उशीखालून काढायचा.

१४ मार्च, तांडा, धुळवड

आमची होळी पहाटे पेटते. पहाटेच्या गारठ्यात डफ वाजायला लागला की मला अजून आठ वर्षांची असल्यासारखं वाटतं. याडीची गोधडी, धुराचा वास, आणि दुरून बापूंची लेंगी. त्यांच्या लेंगीला राजूरच्या कोळशाच्या खाणीवर कामाला गेलेली पोरंसुद्धा सुट्टी काढून यायची. काय खडा आवाज होता! सगळ्या तांड्यात तो आवाज माझ्या बापाचा आहे याचा मला केवढा तोरा असायचा. याडी म्हणायची, "आवाज चांगला हाय, पन डोस्कं बैलाचं."

आज लोकांनी आग्रह केला तसे बापू उठले. लेंगी सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीला आवाज खाली उतरला, थरथरला, लांबत गेला. डफवाल्याला ठेका सापडेना. धावजीकाका बापूंच्या बरोबरीचे, थट्टेखोर. ओरडले, "अरे पूनमसिंग, लेंगी म्हनून राह्यला का ढावलो?" सगळे खो खो हसले.

बापूंचा चेहरा असा झाला की मी कधी पाहिला नव्हता. डफ ओलांडून सरळ घरी निघून गेले.

आवाज गेला बिचाऱ्यांचा. डॉक्टरला घसा दाखवायला हवा. बादलला सांगितलं.

१५ मार्च

फोन मिळाला! रंजिताने मिळवला. ती बापूंपाशी गेली (आजोबांना ती दादा म्हणते) आणि म्हणाली, "दादा, मी मुकी जाऊ काय इथून?" एवढंच.

बापूंनी उशीखालून फोन काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. मला म्हणाले, "तोडून-फोडून कराचं हाय ना? आपल्याच घराले चोरावानी सेंध. कर. पन जे निघन ते पहिले तू एकटीच ऐकजो."

मी हो म्हटलं. माणूस किती घाबरतो मेलेल्यांना.

परत येताना महागावपासून यवतमाळपर्यंत फोन पदरात धरून बसले. एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, कोंबडीचं पिल्लू आहे का.

२३ मार्च

ऋतिकने फुगलेली बॅटरी काढून नवी टाकली. फोन चालू झाला. वॉलपेपरवर याडी, मीच काढलेला फोटो, काचेचे तुकडे जडवलेला तिचा जुना घागरा, नाकात भुरिया. ती फोटोत हसत नाही, कॅमेऱ्याला जाब विचारल्यासारखी बघते.

पुढच्या रविवारी करू म्हटलं. तो पाडवा निघाला. सणाच्या दिवशी नको. खरं कारण भीती, हे मी इथे तरी कबूल करते.

६ एप्रिल

आज दुपारी केलं.

घनश्याम शेजारी बसले होते, कामाचे नसून. पहिल्या वेळेला फोन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या वेळेलाही. घनश्याम म्हणाले, "पुरे कर." मी म्हटलं, गप बसा. खरं म्हणजे पुरे करावं असं मलाही वाटत होतं. आतलं अजून शाबूत होतं. थांबले असते तर शाबूतच राहिलं असतं, कुणाच्याही कामाचं नसलेलं. मग रंजिताचं 'मुकी' आठवलं आणि तिसऱ्यांदा बटण दाबलं.

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर डॉलरची खूण होती, तिची हॅशची खूण झाली. एवढंच घडतं. मालकाची किल्ली म्हणजे एक खूण. मी ओरडले, घनश्याम दचकून उठले.

सूरपेटीची खोली उघडली. आत फाईली होत्या, ओळीने. पहिली उतरवून घेतली. पूर्ण आली. दुसरी सुरू केली, अर्ध्यात आली असेल, आणि फोनचा पडदा काळा झाला.

काळाच राहिला. संध्याकाळी ऋतिककडे धावले. त्याने दुसरी बॅटरी लावली, वेगळा चार्जर, काय काय. शेवटी हात पुसत म्हणाला, "बोर्ड गेला मॅडम." माझ्यामुळे गेला का वयाने गेला, हे तो सांगू शकत नाही. मला वाटतं माझ्यामुळे.

दुसऱ्या फाईलचा अर्धा तुकडा उघडत नाही. पहिली अजून ऐकली नाही. हिंमत नाही.

७ एप्रिल

सकाळी वर्गाला दांडी मारली. हेडफोन लावला.

कोंबडा ओरडतो. मग याडी. दोघं गोरबोलीत बोलत होते, मी मला जमेल तसं उतरवते.

"दाबलं का बटन?"

"दाबलं व."

"मंग म्हना."

आणि बापूंचा आवाज. माझा बाप पूनमसिंग, तांड्याच्या नाईकाचा नातू, ढावलो म्हणत होता. "याडी ये, तारो आंगणो छुटगो ये..." आई गं, तुझं अंगण सुटलं. खड्या लेंगीच्या आवाजात.

याडी फिस्सकन हसली. "ढावलो म्हनता का बैल हाकलता? खाली घ्या आवाज. नाकातून नाई, पोटातून."

पुन्हा. पुन्हा चूक. पुन्हा. मध्ये तिला खोकला येतो, तेव्हा ते थांबतात, पाण्याचा तांब्या वाजतो. मग बापू म्हणतात, "मले कायले शिकवतं? मी बाप्या मानूस हाय. तांडा हासन."

"हासू द्या. सुनेले येळ नाई. रंजी कॉलेजात. उज्जी यवतमाळले. मी गेल्यावर हे कोनाजवळ ठेवू? तुम्हीच तं उरले."

उज्जी म्हणजे मी. पुन्हा कोंबडा. मग बापू, हळू आवाजात, बरोबर म्हणतात. पूर्ण ओळ, खालच्या सुरात, थरथरत. होळीला ऐकला तोच आवाज.

शेवटी याडी म्हणते, "आता उज्जीचा. तिनं कोर्टात लगन केलं, तिचा ढावलो राह्यलाच. म्या जोडला हाय तिच्यासाठी. तो बी पाठ करा." आणि फाईल संपते. माझा ढावलो बहुतेक दुसऱ्या फाईलीत होता.

मी खूप रडले. घसा तपासायला पाठवत होते मी त्यांना! भित्रे म्हणत होते!

८ एप्रिल

रंजिताचे तीन मिस्ड कॉल. काय सांगू? हे तिला ऐकवलं तर बापूंची लाज तांडाभर होईल. लग्नाच्या घरात कुठली गोष्ट लपून राहते? त्यांनी म्हटलं होतं, एकटीच ऐक. ही त्यांची बंद खोली होती आणि मी भोक पाडून तिच्यात शिरले.

ठरलं. फोन मेला, काही निघालं नाही, असं सांगायचं.

१३ एप्रिल, तांडा

सांगितलं. रंजिता मेंदीचे नमुने बघायला आत गेली.

बापूंनी विचारलं, "काहीच नाई निघालं?"

"नाही बापू."

"तिचा आवाज बी नाई?"

"खराब झालं सगळं."

त्यांनी मान हलवली. सुटल्यासारखं वाटलं असणार त्यांना. मला मात्र खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही. बापाची लाज राखली.

१७ एप्रिल

रंजिताचा फोन. "आत्या, तू गेल्यापासून दादा जेवतच नाईत. बंद फोन घेऊन बसते नुसते. डागदराले दाखवाव काय?"

मी किती मठ्ठ आहे. "तिचा आवाज बी नाई?" असं त्यांनी विचारलं होतं! ते दीड वर्ष तो फोन चार्ज करत होते, बाई, ते कशासाठी?

१८ एप्रिल, तांडा

पहिली एसटी धरली. बापूंना गोठ्याकडे नेलं, माझा फोन हातात दिला, हेडफोन कानात घातला आणि लावलं. मी लांब जाऊन उभी राहिले.

आधी ते ताठ बसले होते. मग वाकले. मग हसायला लागले, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. बैल हाकलण्याचं आलं असणार. गाईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

संपल्यावर म्हणाले, "लय चुकत होतो म्या."

"शेवटी बरोबर म्हटलंत."

"तू खोटी कायले बोलली?"

"तुम्हाला लाज वाटेल म्हणून."

त्यांनी हेडफोन गुंडाळायचा प्रयत्न केला, गुंता झाला. "पुन्हा लाव," म्हणाले. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही. मग मी धीर करून विचारलं, "रंजीला शिकवाल?"

"बाप्या मानसानं ढावलो म्हनू नाई," म्हणाले आणि उठून गेले. जेवायला मात्र बसले, दोन भाकरी खाल्ल्या.

मी रंजिताला काही सांगितलं नाही. तिचा ढावलो गेला, आणि माझाही. पहिलं दुःख मोठं की दुसरं, याचा मी एसटीत विचार करत होते. लाज वाटली, पण दुसरंच मोठं वाटत होतं.

१ मे, यवतमाळ

काल लग्न झालं. हात अजून हळदीचे आहेत, पण आजच लिहायला हवं.

आज सकाळीच पाठवणी झाली. डीजे थांबवला. रंजिता दारात आली, बादलच्या गळ्यात पडली आणि नुसतीच हुंदके द्यायला लागली. बायका वाट बघत उभ्या. मागे उभं राहून कानात सांगणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या तांड्यातून बाई आणू म्हणत राहिले आणि कुणी आणलीच नाही. कुणीतरी म्हणालं, "चाला आता, ऊन होते." धावजीकाकांनी गाडीचा दरवाजासुद्धा उघडला.

तेव्हा बापू पुरुषांमधून निघाले. पागोटं सारखं केलं. बायकांच्या गराड्यातून वाट काढत गेले आणि रंजिताच्या मागे उभे राहिले, जिथे याडी उभी राहायची तिथे. वाकले आणि तिच्या कानात म्हणाले. पण कानात सांगायची त्यांना सवय कुठली! लेंगीचा गळा. साऱ्या तांड्याला ऐकू गेलं. "याडी ये, तारो आंगणो छुटगो ये..."

धावजीकाका दरवाजा धरून तसेच उभे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता हसतील, आता हसतील. नाही हसले.

रंजिताने ओळ उचलली. बापू सांगत गेले, ती आळवत गेली. बापाचा झाला, आईचा झाला, मैत्रिणींचा, गाईचाही झाला. कुठली म्हातारी, कुठली तरणी, सगळ्या रडत होत्या. ड्रायव्हर रडत होता. घनश्यामना मी पाहिलं, चष्मा काढून उभे होते.

मग रंजिता माझ्यापाशी आली, गळ्यात पडायला. बापूंनी तिला हाताने थांबवलं. "थांब पोरी. हिचा राह्यला हाय."

मला म्हणाले, "उज्जी, म्हन."

मी म्हटलं, "बापू, मला येत नाही. आणि कोणाच्या गळ्यात पडून म्हणू? हा तर याडीच्या गळ्यात पडून म्हणायचा असणार."

"मले धर," बापू म्हणाले.

मी धरलं. त्यांनी सांगितलं, तसं मी म्हटलं. तू माझ्या वाटेकडे बघत राहिलीस, मी कागदावर सही करून गेले, तुझ्या पदराला माझं रडणं बांधायचं राहिलं, असे शब्द होते. याडीने जोडलेले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पोटातून, माझ्या नवऱ्यासमोर मी माझा ढावलो म्हटला. मध्येच एक ओळ मी नाकातून काढली, तेव्हा बापूंनी पाठीवर चापट मारली आणि ती पुन्हा म्हणायला लावली.